नामसाधर्म्य आणि व्यवहारातील ओळख

एकाच नावाच्या दोन व्यक्ती, दोन दुकाने किंवा दोन इमारती असणे यात बेकायदेशीर असे काही नाही, आणि बहुतेक वेळा त्यात कोणाचा दोषही नसतो. देवदेवतांची, संतांची आणि राष्ट्रपुरुषांची नावे मुलांना, घरांना व संस्थांना देण्याची प्रथा महाराष्ट्रात खोलवर रुजलेली असल्यामुळे, आणि जाधव, पवार, शिंदे, पाटील, कुलकर्णी, जोशी यांसारखी आडनावे राज्यभर पसरलेली असल्यामुळे, नामसाधर्म्य, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींचे नाव सारखे असणे, ही येथील नित्याची बाब झाली आहे. अडचण उभी राहते ती नावालाच ओळख समजून पैसे पाठवले जातात, करारावर सही केली जाते, रक्ताची नळी प्रयोगशाळेकडे रवाना होते किंवा मतदानयंत्राचे बटण दाबले जाते तेव्हा. अशा प्रसंगी नावाच्या पुढे जाऊन कोणती नोंद पाहावी, ती कोठे मिळते आणि चूक झालीच तर कोणत्या मार्गाने दुरुस्त करून घ्यावी, याची माहिती सर्वसामान्य वाचकाला असणे अत्यंत गरजेचे आहे.

या प्रश्नाची जाण जुन्या महसुली व्यवस्थेलाही होती. एकाच नावाची दोन गावे शेजारी असल्यास थोरल्या गावाला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द हे उपपद लावण्याची रीत आंबेगाव, कोंढवा, वडगाव या पुण्यालगतच्या नावांत आजही टिकून आहे, आणि जिथे ही जोडी पुरेशी ठरली नाही तिथे वडगाव शेरी, वडगाव मावळ, पिंपळगाव बसवंत अशी निरनिराळी उपपदे आली. टपाल खात्यापुढे हाच प्रश्न देशव्यापी प्रमाणावर उभा राहिला, तेव्हा संस्कृत कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा विभाग दाखवतात आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे टपाल कार्यालय. त्यामुळे पत्त्यात नुसते ‘वडगाव’ लिहिले गेले तरी ४११०१४ या अंकांवरून पत्र शेरीला जाते आणि ४१२१०६ या अंकांवरून मावळात. या दोन उपायांत एक महत्त्वाचा फरक आहे. उपपद बोलताना सहज गळून पडते, क्रमांक मात्र गाळला की अर्जच पुढे सरकत नाही. म्हणून व्यवहार जितका मोठा, तितका उपपदावरचा भरवसा कमी आणि क्रमांकित नोंदीवरचा अधिक असावा, हे सूत्र इमारती, व्यक्ती आणि व्यवसाय या तिन्ही बाबतींत लागू पडते.

इमारती आणि संस्था

‘केईएम’ हे संक्षिप्त नाव मुंबईकराच्या तोंडी येते तेव्हा त्याला परळचे, १९२६ मध्ये सुरू झालेले महापालिकेचे रुग्णालय अभिप्रेत असते, तर पुणेकराला रास्ता पेठेतील, १९१२ पासूनचे, न्यासातर्फे चालवले जाणारे रुग्णालय. दोन्ही राजा सातवा एडवर्ड याच्या स्मरणार्थ उभी राहिली, एवढेच त्यांच्यातील साम्य. व्यवस्थापन, शुल्काची पद्धत आणि प्रवेशाची प्रक्रिया पूर्णपणे वेगळी आहे. परळमध्येच वाडिया हे नाव असलेली दोन रुग्णालये एकमेकांच्या शेजारी आहेत, एक बालकांसाठी आणि दुसरे प्रसूतीसाठी. बाहेरगावाहून रुग्ण घेऊन येणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णालयाचे पूर्ण नाव, शहर आणि विभाग लिहून मागावा, कारण ‘केईएमला न्या’ एवढ्या तोंडी सूचनेवर साताऱ्याहून निघालेली गाडी पुण्यात थांबवायची की मुंबईपर्यंत न्यायची, हा निर्णय वाटेत घेण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

शाळांच्या बाबतीत ‘न्यू इंग्लिश स्कूल’ हे नाव फार बोलके आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० मध्ये पुण्यात या नावाची शाळा काढली, आणि पुढे हे नाव इतके प्रतिष्ठेचे ठरले की राज्यातील अनेक खेड्यांतील माध्यमिक शाळांनी ते स्वीकारले. एकट्या पुणे शहरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्याच रमणबाग आणि टिळक रस्ता अशा दोन वेगळ्या शाळा या नावाने ओळखल्या जातात. जुना शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा मिळवताना अर्जात शाळेच्या नावाबरोबर गाव, चालक संस्था आणि जनरल रजिस्टर क्रमांक, म्हणजे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला मिळणारा नोंदवहीतील क्रमांक, लिहिला तर शोध पुष्कळ सोपा होतो. तो ठाऊक नसल्यास निदान प्रवेशाचे किंवा शाळा सोडल्याचे वर्ष द्यावे. आजच्या प्रत्येक शाळेला यू-डायस नावाचा अकरा अंकी क्रमांक असतो आणि शिष्यवृत्तीचे किंवा प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरताना शाळेच्या नावाऐवजी तोच ताडून पाहावा.

सार्वजनिक यंत्रणांनाही ही सुधारणा कधी कधी फार उशिरा सुचते. दादर हे एकच नाव धारण करणाऱ्या मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या स्थानकांत फलाटांचे क्रमांक दोन्हीकडे एकपासून सुरू होत असल्यामुळे नवख्या प्रवाशांची गाडी चुकत असे. डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक देण्यात आले, तेव्हा कोठे हा गोंधळ मिटला.

गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे आयुष्यभराची पुंजी गुंतलेली असते. साईकृपा, गणेशकृपा, शिवशक्ती, ओम साई अशा नावांच्या इमारती प्रत्येक उपनगरात आढळतात, आणि सदनिका खरेदी करणाऱ्याने इमारतीचे नाव हा केवळ पाटीवरचा मजकूर समजावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेची कायदेशीर ओळख म्हणजे उपनिबंधक कार्यालयाने दिलेला नोंदणी क्रमांक, जो संस्थेच्या पत्रशीर्षावर, भागप्रमाणपत्रावर आणि शिक्क्यात असतो. जमिनीची ओळख म्हणजे शहरात नगर भूमापन क्रमांक, ज्याला बोलीत सिटी सर्व्हे नंबर म्हणतात, आणि ग्रामीण भागात गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक व त्याखालचा हिस्सा. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची ओळख म्हणजे महारेराचा नोंदणी क्रमांक. एकाच विकासकाच्या एकाच नावाच्या प्रकल्पाचे टप्पे स्वतंत्रपणे नोंदलेले असू शकतात, त्यामुळे जाहिरातीतला क्रमांक आणि करारनाम्यातला क्रमांक अंकागणिक जुळतो का, आणि त्या क्रमांकाखाली खरेदी करावयाची विंग खरोखरच समाविष्ट आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर पाहणे आवश्यक ठरते.

करारनाम्यातील मिळकतीचे वर्णन करणारे परिशिष्ट बहुतेक खरेदीदार वाचत नाहीत, आणि नामसाधर्म्याची चूक नेमकी तेथेच लपलेली असते. या परिशिष्टात मिळकतीची चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस काय आहे याचे वर्णन, दिलेले असते. जागेवर उभे राहून, परिशिष्ट हातात धरून, चारही दिशा एकेक करून पडताळाव्यात. पूर्वेस रस्ता लिहिला असेल आणि प्रत्यक्षात दुसरी इमारत असेल, तर सही थांबवावी आणि मालमत्ता पत्रक, सूची क्रमांक दोन आणि मंजूर नकाशा या तीन कागदांवर तोच भूमापन क्रमांक आहे ना याची खात्री करावी. सूची क्रमांक दोन म्हणजे नोंदणीकृत दस्ताचा दुय्यम निबंधक कार्यालयातील गोषवारा. तो नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. वीजबिलावरील ग्राहक क्रमांक, जो महावितरणच्या बाबतीत बारा अंकी असतो, आणि मालमत्ता कराच्या बिलावरील क्रमांक हेही ताडून घ्यावेत, कारण शेजारच्या सारख्या नावाच्या इमारतीची थकबाकी आपली समजून भरली जाणे किंवा आपली थकबाकी नजरेआड होणे, दोन्ही शक्य असते.

एकाच परिसरात सारख्या नावाच्या दोन संस्था असतील तर नाव बदलण्याचा मार्ग खुला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५ नुसार सर्वसाधारण सभेत ठराव करून आणि निबंधकांची मान्यता घेऊन संस्थेला नाव बदलता येते, आणि या बदलामुळे संस्थेचे पूर्वीचे हक्क किंवा देणी यांना बाध येत नाही. तेवढे करण्याची तयारी नसलेल्या संस्थांनी निदान प्रवेशद्वारावरील पाटीवर रस्त्याचे नाव, भूखंड क्रमांक आणि पिनकोड ठळकपणे लिहावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा आगीसाठी १०१ या क्रमांकावर बोलताना इमारतीच्या नावाआधी परिसर, रस्ता आणि जवळची ठळक खूण सांगावी. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आधी इमारतीचे नावच बाहेर पडते, म्हणून हा क्रम घरातील मुलांनाही आधीपासून शिकवून ठेवणे हिताचे आहे.

व्यक्ती

स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी पद्धत नामसाधर्म्य बरेच कमी करते, पण भावकीत, म्हणजे एका मूळ पुरुषाच्या वंशजांच्या विस्तारात, आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे तिन्ही शब्द जुळणाऱ्या दोन व्यक्ती एकाच गावात सापडतात. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्य शासनाने बंधनकारक केला आहे. आईला तिचे स्थान देणे हा या निर्णयाचा हेतू आहे आणि तो सर्वथा योग्य आहे. त्याबरोबरच सारख्या नावांच्या व्यक्ती वेगळ्या ओळखण्याची सोयही त्यातून आपोआप होणार आहे. जुन्या कागदांना मात्र हा आधार नाही. सातबारा उताऱ्यावर, म्हणजे जमिनीचा धारक आणि पीक यांची नोंद असलेल्या गाव नमुन्यावर, सारख्या नावाच्या चुलत्याची किंवा पुतण्याची नोंद झाली असेल, तर प्रथम गाव नमुना आठ-अ वरील खाते क्रमांक पाहावा आणि मग ज्या फेरफाराने ती नोंद आली त्याची नक्कल तलाठी कार्यालयातून काढावी. लेखनप्रमाद असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस आलेली असेल तर तिच्या मुदतीतच लेखी हरकत द्यावी. ‘घरातलाच माणूस आहे’ म्हणून गप्प बसण्याची किंमत पुढच्या पिढीला दिवाणी दाव्याच्या रूपाने चुकवावी लागते.

रुग्णालयातील नामसाधर्म्य सर्वांत धोकादायक आहे. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि त्यांत खाटेचा किंवा खोलीचा क्रमांक धरू नये, हा रुग्णसुरक्षेचा मान्य नियम आहे. नाव ही एक खूण आणि रुग्णालयाने दिलेला नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख ही दुसरी. रक्त काढण्यापूर्वी, इंजेक्शन देण्यापूर्वी आणि शस्त्रक्रियेसाठी नेताना परिचारिकेने ‘आपणच अमुक ना?’ असे विचारले तर गुंगीत असलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण सहज होकार देतो. म्हणून रुग्णाला किंवा सोबतच्या नातेवाइकाला पूर्ण नाव स्वतः सांगायला लावणे ही योग्य पद्धत मानली जाते. नातेवाइकांनी मनगटावरच्या पट्टीवरील क्रमांक केसपेपरवरील क्रमांकाशी जुळवावा, रक्ताच्या नळीवर चिठ्ठी खाटेजवळच लावली जाते ना हे पाहावे, आणि वॉर्डात सारख्या नावाचा दुसरा रुग्ण असल्याचे कळताच ते परिचारिकेला सांगून नोंदवून घ्यावे. असे विचारणे म्हणजे कर्मचाऱ्यांवर अविश्वास दाखवणे नव्हे, आणि चांगले रुग्णालय त्याचे स्वागतच करते.

कर्जाच्या बाबतीत सारखे नाव आणि सारखी जन्मतारीख असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे थकलेले कर्ज आपल्या पतअहवालात दिसू शकते. पतअहवाल म्हणजे कर्ज आणि त्याची परतफेड यांचा वृत्तांत. भारतात तो ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात परके खाते दिसल्यास त्या संस्थेकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निराकरण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. गृहकर्जाचा अर्ज करण्याच्या आधी काही महिने हे अहवाल पाहून ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण अर्ज फेटाळला गेल्यावर धावपळ करताना घराचा सौदा हातचा जातो.

निवडणुकीत नामसाधर्म्याचा वापर अनेकदा हेतुपुरस्सर केला जातो, हे आकडेच सांगतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला, आणि तटकरे यांच्याशी नाव व आडनाव जुळणाऱ्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली. २०२४ मध्ये दिंडोरीत विजयी उमेदवाराशी आडनाव जुळणाऱ्या अपक्षाने एक लाखाहून अधिक मते घेतली. निवडणूक नियमांत सारख्या नावांच्या उमेदवारांपुढे व्यवसाय, निवासस्थान किंवा अन्य काही लिहून भेद दाखवण्याची तरतूद आहे आणि २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्रही असते. आईवडिलांनी ठेवलेल्या नावावरून कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घेता येणार नाही, हे खरे असले तरी सध्याचे उपाय अपुरे आहेत, असेच वरील आकड्यांवरून म्हणावे लागते. तोवर मतदाराने चिन्ह आणि छायाचित्र या दोन्हींकडे पाहूनच बटण दाबावे, आणि घरातील ज्येष्ठांना नमुना मतपत्रिका आदल्या दिवशी दाखवावी.

पैसे पाठवताना आणि व्यवसाय पारखताना

एनईएफटी किंवा आरटीजीएस पद्धतीने पाठवलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते आणि अर्जात लिहिलेले लाभार्थ्याचे नाव जुळते की नाही हे बँक तपासत नाही, ही गोष्ट अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही. नाव बरोबर आणि एक अंक चुकीचा, तर पैसे परक्याच्या खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून रक्कम पाठवण्याआधी लाभार्थ्याचे बँकेतील नाव पाहण्याची सोय विनामूल्य उपलब्ध झाली आहे, आणि यूपीआयमध्ये ३० जून २०२५ पासून ग्राहकाने मोबाइलमध्ये जतन केलेले टोपणनाव न दाखवता बँकेच्या नोंदीतील नाव दाखवणे बंधनकारक आहे. नाव दिसल्यावरही ते सर्वसामान्य असेल तर प्रथम एक रुपया पाठवून, तो मिळाल्याचे दूरध्वनीवरून विचारून, मगच मोठी रक्कम पाठवावी.

दुकानाचे नाव ओळखीचे आहे म्हणून मालकही ओळखीचाच असेल, असे गृहीत धरू नये. सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेल्या गाडगीळ सराफी परंपरेतून आज पु. ना. गाडगीळ हे नाव अभिमानाने मिरवणाऱ्या एकाहून अधिक स्वतंत्र कंपन्या उभ्या आहेत, आणि कुटुंबाच्या वाटण्यांतून असे घडणे अगदी स्वाभाविक आहे. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की दागिन्याची मोड घालताना, मासिक बचत योजनेचे पैसे घेताना किंवा घडणावळीची तक्रार करताना देणे लागते ती बिलावर जिचे पूर्ण नाव छापलेले आहे ती कंपनी. त्याच नावाची दुसरी पेढी त्याला बांधलेली नसते. म्हणून बिल जपावे आणि दागिन्यावरील सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून पाहावा.

बिलावरचा जीएसटी क्रमांक वाचायला शिकणे फार उपयोगाचे आहे. पंधरा चिन्हांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्य दाखवतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. तिसऱ्या ते बाराव्या स्थानापर्यंतची दहा चिन्हे म्हणजे मालकाचा पॅन. सारख्या नावाच्या दोन दुकानांच्या बिलांवर ही दहा चिन्हे एकच असतील तर कायद्याच्या दृष्टीने मालक एकच आहे. वेगळी असतील तर मालक वेगळे आहेत, मग ते भाऊ असोत, परवानाधारक शाखा असो किंवा निव्वळ नक्कल असो. पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ असेल तर तो व्यवसाय एका व्यक्तीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारीचा आणि ‘सी’ असेल तर कंपनीचा. कंपनीच्या बाबतीत एकवीस चिन्हांचा कंपनी ओळख क्रमांकही असतो. त्यातील पहिले अक्षर ‘एल’ असल्यास कंपनीचे समभाग बाजारात नोंदलेले, ‘यू’ असल्यास नोंदलेले नाहीत. पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार, दोन अक्षरे राज्य, चार अंक स्थापनेचे वर्ष, तीन अक्षरे कंपनीचा प्रकार आणि शेवटचे सहा अंक नोंदणीचा क्रमांक. ठेव किंवा आगाऊ रक्कम मागणारी कंपनी एखाद्या नामांकित उद्योगसमूहाचे नाव लावत असेल, तर हे स्थापनेचे वर्ष आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील संचालकांची नावे पाहावीत. खाद्यपदार्थांच्या बाबतीत वेष्टनावरील चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांकावरून उत्पादकाचे नाव व पत्ता कळतो.

व्यवसायाला नाव देताना

नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, जिला व्यापारी अजूनही गुमास्ता म्हणतात, किंवा उद्यम नोंदणी, किंवा कंपनीची नोंदणी झाली की नाव आपले झाले. यांपैकी एकाही नोंदीने नावावर अनन्य हक्क मिळत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४ नुसार अस्तित्वात असलेल्या कंपनीशी फार साम्य असलेले नाव मिळत नाही, आणि केवळ अनेकवचन करणे, स्पेलिंग बदलणे, शब्दांचा क्रम फिरवणे, भाषांतर करणे किंवा गावाचे नाव जोडणे हा पुरेसा भेद मानला जात नाही. पण ही छाननी मुख्यतः कंपन्यांच्या यादीपुरती असते. शेजारच्या तालुक्यात चाळीस वर्षे चालत आलेली भागीदारी पेढी त्या यादीत दिसत नाही, आणि पुढे तिच्याच मालकाने दावा लावला तर कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र फारसे कामाला येत नाही.

न्यायालये नावाकडे ग्राहकाच्या कानाने पाहतात. महिंद्र अँड महिंद्र या समूहाने महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स या कंपनीविरुद्ध लावलेल्या दाव्यात, वाहने आणि कागद ही उत्पादने भिन्न असूनही, उच्चारातील साम्य आणि त्या नावाला लाभलेली कीर्ती लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मनाई कायम ठेवली. त्याच वर्षी अहमदाबादच्या मुक्तजीवन कलर लॅब या छायाचित्र-व्यवसायाच्या प्रकरणात, नाव नोंदणीकृत नसले तरी ते वापरून आपला व्यवसाय दुसऱ्याचा आहे असे भासवणे रोखता येते, हे न्यायालयाने स्पष्ट केले. कायद्याच्या परिभाषेत याला पासिंग ऑफ म्हणतात. आडनावाचा बचावही मर्यादित आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चे कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्या माणसाला संरक्षण देते खरे, परंतु किर्लोस्कर हे नाव लावणाऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीबाबत, हा बचाव कंपनीसारख्या कायद्याने निर्मिलेल्या व्यक्तीला मिळणार नाही, असा निर्वाळा दिला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर बजाज हे आडनाव वापरणाऱ्यांनाही याच न्यायालयाने त्याआधी रोखले होते.

आधीपासून नाव वापरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला कायदा वाऱ्यावर सोडत नाही. कलम ३४ नुसार, नोंदणीधारकाच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याचा हक्क अबाधित राहतो. पुण्यातील बर्गर किंग या उपाहारगृहाचा वाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकी कंपनीने भारतात २०१४ मध्ये पाऊल ठेवले, तर पुण्यातील उपाहारगृह १९९२ च्या सुमारास सुरू झालेले. पुणे जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत उपाहारगृहाला नाव वापरण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. आधीचा वापर सिद्ध करण्यासाठी जुनी बिले, परवाने, वर्तमानपत्रांतील जाहिराती, पाटीची छायाचित्रे आणि करभरणीच्या पावत्या लागतात, आणि त्या वर्षवार लावून जपणे हे प्रत्येक जुन्या दुकानदाराने आजच हाती घ्यावे असे काम आहे.

नाव ठरवण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घ्यावा, आणि तो अक्षरांनुसार व उच्चारानुसार असा दोन्ही प्रकारे घ्यावा. मराठी व्यावसायिकाने येथे विशेष दक्षता बाळगणे जरुरीचे आहे, कारण महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत लावणे बंधनकारक असल्याने रोमन लिपीत एखादे अक्षर दुप्पट करून किंवा बदलून साधलेला भेद पाटीवर पूर्णपणे नाहीसा होतो, आणि ‘साई’ किंवा ‘श्री’ कोणत्याही स्पेलिंगने लिहिले तरी शेवटी एकच दिसते. वस्तू व सेवांचे पंचेचाळीस वर्ग असतात; फराळाचे पदार्थ विकणारा आणि उपाहारगृह चालवणारा यांचे वर्ग अनुक्रमे ३० आणि ४३. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांच्यासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते. निव्वळ देवाचे नाव किंवा निव्वळ आडनाव घेण्यापेक्षा त्याला स्वतःचा असा एखादा शब्द जोडलेले नाव नोंदणीतही टिकते आणि ग्राहकाच्या लक्षातही राहते.

दुसऱ्या कोणी आपल्यासारख्याच नावासाठी अर्ज केला आहे का, हे दर सोमवारी प्रसिद्ध होणाऱ्या व्यापारचिन्ह पत्रिकेत कळते. ही पत्रिका विनामूल्य वाचता येते. अर्ज तिच्यात प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत हरकत नोंदवावी लागते आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. ती उलटल्यावर झालेली नोंदणी रद्द करवून घेण्याचा मार्ग उरतो, पण तो अधिक खर्चाचा आणि दीर्घ आहे. स्वतःच्या नावावर व्यवसाय उभा केलेल्या प्रत्येकाने निदान महिन्यातून एकदा आपल्या वर्गाची पाने पाहावीत, आणि सारखे नाव दिसल्यास मुदतीच्या आत हरकत दाखल करावी.